कुरुळी फाट्यावरच्या दोन खिडक्या

"ओ भाऊ... ओ खिडकीवाले भाऊ! एवढी पिशवी टाका ना आतल्या सीटवर!"

चाकणच्या स्टँडवर नगरची गाडी शिरली, की ती नीट थांबायच्या आतच तिच्याभोवती माणसांचं कडं पडतं. दारात रेटारेटी करणारे बहुतेक उभेच राहतात. बसायला मिळतं ते खिडकीतून काहीतरी आत टाकणाऱ्याला. रुमाल, टोपी, पिशवी, लहान मुलाचा स्वेटर – ज्याची वस्तू सीटवर, त्याची सीट. हा कायदा कुणी केला माहीत नाही, पण तो मोडायची हिंमत कंडक्टरही करत नाही.

उझ्माने टाचा उंचावून पिशवी वर धरली. मागच्या खिडकीतून एक हात बाहेर आला आणि त्याने पिशवीचा बंद पकडला. मग हातामागून चेहरा खाली वाकला... आणि पिशवी दोघांच्या मध्ये तशीच लोंबकळत राहिली.

तोच! कुरुळी फाट्यावरचा!

श्रावणातली भुरभुर चालू होती. उझ्माच्या पापणीवर एक थेंब येऊन थांबला, तरी तिला तो पुसायचं भान राहिलं नाही.

"पिशवी ठेवतो," तो म्हणाला. "पण ते 'भाऊ' तेवढं परत घ्या."

सहा महिन्यांत त्याच्या तोंडून तिने ऐकलेले हे पहिले शब्द.

आता हे सहा महिने काय होते, ते सांगायला हवं. उझ्मा मोशीची. तिचे अब्बा इकबालभाई तिथे टेम्पो-रिक्षा दुरुस्त करतात. ती स्वतः चाकणला गाड्यांच्या वायरी बनवणाऱ्या कंपनीत आहे. तयार माल डोळ्यांखालून घालायचा आणि खोट दिसली की बाजूला काढायचा, हे तिचं काम. एक आठवडा पहिली शिफ्ट, पुढचा आठवडा दुसरी. दुपारी पहिल्या शिफ्टच्या गाड्या घरी निघतात, दुसरीच्या कामावर येतात, आणि कुरुळी फाट्यावर दोन्ही रांगा एकमेकींशेजारी अडकून पडतात. अशा अडकलेल्या दोन गाड्यांच्या दोन खिडक्या एके दिवशी समोरासमोर आल्या. हिच्या खिडकीत ही, त्याच्या खिडकीत तो.

पहिल्या दिवशी त्याने पुढच्या ट्रककडे बघून कपाळावर हात मारला. ही हसली. दुसऱ्या दिवशी त्याने सोललेल्या संत्र्याची फोड वर करून 'घेणार?' अशी मान हलवली. हिने रिकामा डबा उघडून दाखवला – टाका यात! दोन खिडक्यांमध्ये जेमतेम दोन हातांचं अंतर, पण तेवढ्यातून मोटारसायकली सुसाट जायच्या. संत्रं काही पोहोचलं नाही. नाव ठाऊक नाही, गाव ठाऊक नाही, कंपनी कुठली तेही ठाऊक नाही. अख्खं चाकण त्या वाहतूक कोंडीला शिव्या घालत होतं, आणि एकटी उझ्मा मनात म्हणायची, आज पोलीसमामा सुट्टीवर असू दे.

अडचण एकच होती. ही पहिल्या शिफ्टला, तर तो दुसऱ्या. ही दुसऱ्या, तर तो पहिल्या. तो घरी निघाला की ही कामावर, ही मोकळी झाली की तो मशीनवर. काचेपलीकडे हे कधी सरकणार?

शेवटी उझ्माने मनाचा हिय्या केला. सुपरवायझरची मनधरणी केली आणि आपल्या लाइनवरच्या श्रद्धाशी शिफ्टचा ग्रुप बदलून घेतला. बदल्यात श्रद्धाच्या गौरी-गणपतीतल्या ड्युट्या स्वतःच्या अंगावर घेतल्या. आता त्याची आणि तिची शिफ्ट एक होणार होती. एकाच दिशेने गाड्या, एकाच वेळी मोकळीक... कधीतरी मोशीच्या स्टॉपवर उतरून दोन शब्द बोलता येतील. त्या सोमवारी ती काजळ घालून दुसऱ्या शिफ्टच्या गाडीत बसली. डावीकडे, उजवीकडे, मागे – आपल्या रांगेतल्या सगळ्या गाड्या तिने बघून घेतल्या.

तो होता समोरून येणाऱ्या गाडीत. पहिली शिफ्ट संपवून घरी चाललेला! तिला बघून त्याचाही चेहरा पडला.

म्हणजे यानेही ग्रुप बदलला होता. का? माझ्याच रांगेत आलं की समोरासमोर यावं लागत नाही, एवढंच ना? "मला चुकवायला बदलला," असं उझ्माने ठरवून टाकलं. दुसऱ्या दिवसापासून ती गाडीत पलीकडच्या खिडकीशी बसायला लागली. तेव्हापासून तिचं कशात लक्ष लागेना. चांगला माल बाजूला काढायची, खोटा पुढे जाऊ द्यायची. घरात या खोलीतून त्या खोलीत फिरत राहायची. अम्मी म्हणाली, "जा, दोन दिवस आलियाकडं नगरला जाऊन ये. तुझ्या येरझाऱ्यांनी फरशी झिजायला लागली."

म्हणून ती ही लाल गाडी पकडायला आली होती. आणि गाडीत तो!

मागच्या लांब सीटवर, खिडकीशी तो. त्याच्या शेजारी मांडीवर लाडवांचा डबा घेतलेली एक म्हातारी. तिच्या पलीकडे उझ्माची पिशवी.

"बस बाय, बस," म्हातारी म्हणाली. "या पोरानं तुझ्या पिशवीपायी दोघांसंगं भांडान केलंया."

"भांडायची काय गरज होती?" उझ्मा समोर बघत म्हणाली.

"गरज नव्हती," तो म्हणाला. "हौस होती."

कंडक्टर आला. "कुठं? नगर? दोघं एकत्र का?"

"नाही!" दोघंही एकदम ओरडली.

"नाही तर नाही," म्हातारीने पदर सावरला, "येवढं वरडाया काय झालं? मला रांजणगाव दे रं बाबा."

गाडी शिक्रापूरच्या रस्त्याला लागली. तो रस्ता ज्याने पाहिलाय, त्याला मागच्या सीटची कथा सांगायला नको. खड्डा पुढच्या चाकाला लागतो, पण त्याचा खरा प्रसाद मागच्यांना मिळतो. तिघंही एकदम हवेत उडाली आणि एकदम खाली आदळली. लाडवांचा डबा त्याने झेलला, म्हातारीला उझ्माने धरलं, आणि त्या गडबडीत दोघांची नजर म्हातारीच्या डोक्यावरून एकदा सरळ भेटली.

"एहसान," तो म्हणाला.

"मी नाव विचारलं नव्हतं."

"सहा महिने वाट बघितली ना विचारायची. आता स्वतःच सांगतो."

ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग अगदी हळू – "उझ्मा."

"आन माझं नाव आंबू," म्हातारी मधूनच म्हणाली. "समदे अंबुबाई म्हनत्यात. झाली का वळख समद्यांची? मंग आता बोला जरा. ल्येकीकडं चालले मी, बाळंत झालीया. वाटंत कुनी बोलाय न्हाई म्हंजे लय कटाळा येतो."

एहसान हसला. "नगरला कुणाकडे?" त्याने उझ्माला विचारलं.

"मैत्रिणीकडे. आलिया. आमच्याच लाइनला होती, आता तिथल्या एका दवाखान्यात लागलीय. तिच्या खोलीवर गादी टाकून झोपायचं, अम्मीने दिलेलं खायचं, फुकटात जे बघायला मिळेल ते बघायचं. आणि तुम्ही?"

"मामूंकडे. झेंडीगेटला त्यांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे." त्याने खिडकीची काच ओढून घेतली. "चाकण सोडतोय मी. मामू केव्हाचे बोलावतायत. उद्या दुपारी सगळे जेवायला जमणार आहेत, तेव्हा त्यांना हो सांगायचं. मग काय... सामान न्यायलाच यायचं."

गाडी त्या वेळी सपाट रस्त्यावरून चालली होती. तरी उझ्माला आपण पुन्हा एकदा उडून आदळल्यासारखं वाटलं.

"बरंय," ती म्हणाली. "बदलायची सवय आहेच तुम्हाला. आधी शिफ्ट बदलली, आता गाव बदला."

"माझी शिफ्ट बदलली ते तुमच्या लक्षात आलं?"

"मी कशाला लक्ष देऊ?"

"आणि तुम्ही का बदललीत?"

"माझी मर्जी."

"मग माझीही मर्जी."

अंबुबाई एकदा इकडे बघायची, एकदा तिकडे. "ह्यो म्हंतो तिनं बदलली, ती म्हंती त्यानं बदलली," ती म्हणाली. "आमच्याकडं पाळीचं पानी असायचं ना, तवा असंच व्हायचं. ह्यो त्याला बोलवाया त्याच्या बांधावर, त्यो ह्याला बोलवाया ह्याच्या बांधावर, आन पानी वड्याला! आरं, सरळ इचारा की एकमेकास्नी. जिभंला काय खिळा मारलाय?"

एहसान काचेवरचे पावसाचे ओघळ बघत राहिला आणि उझ्मा पुढच्या सीटचा फाटका रेक्झिन. शिक्रापूर गेलं. रांजणगावला अंबुबाई उतरली. उतरताना दोघांच्या हातावर एकेक डिंकाचा लाडू ठेवून गेली. "बाळंतिनीचा हाय," म्हणाली, "पन तुमालाबी ताकदीची गरज दिसती."

मधली जागा रिकामी झाली. दोघंही तिकडे सरकली नाहीत.

"खरं सांगू?" एहसान हातातल्या लाडवाकडे बघत म्हणाला. "एक मुलगी होती. रोज समोरून जायची. वाटलं... एकदा तरी तिच्याबरोबर एकाच दिशेने जावं. म्हणून ग्रुप बदलून मागितला. सुपरवायझर म्हणाला, जुनं प्रेस मशीन चालवशील तर देतो. ते मशीन कुणी घेत नाही, दिवसभर कान बसतात. मी घेतलं. आणि सोमवारी बघतो तर ती परत समोरच्या गाडीत! दुसऱ्या दिवसापासून तर तिने खिडकीच सोडली." तो जरासा हसला. "तिला जायचंच नव्हतं माझ्याबरोबर. मग आता कशाला राहायचं चाकणात, सांगा?"

उझ्माचा लाडू हातातच चुरला. म्हणजे याने... माझ्यासाठी? आणि मी... अरे देवा, दोघांनीही!

"अहो, पण मी –"

"सरका, सरका ताई! जरा पाय वर घ्या!"

कांद्याचं भलं मोठं पोतं त्या मधल्या जागेसमोर येऊन आदळलं आणि पाठोपाठ त्याचा धनी येऊन तिथे बसला. चांगला ऐसपैस माणूस. मागून आणखी चौघं घुसली. त्या गृहस्थाने टोपी डोळ्यांवर ओढली आणि शिरूर यायच्या आत एहसानच्या खांद्यावर डोकं टाकून तो घोरायला लागला. त्याच्या डोक्यावरून एहसान दिसत नव्हता. उझ्माने दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. बाकीची चार परकी माणसं कान टवकारून बसलेली. असली गोष्ट काय कांद्याच्या पोत्यावरून ओरडून सांगायची?

नगरला उतरताना लोंढ्याने तिला दाराबाहेर ढकललं, ती थेट आलियाच्या गळ्यात. "आली गं आली! किती वाळलीस!" आलियाच्या खांद्यावरून उझ्माने पाहिलं. एहसान रस्ता ओलांडत होता. त्याने एकदा मागे वळून पाहिलं, हात अर्धा वर केला... आणि एक रिक्षा मधून गेली. ती गेल्यावर तिथे कुणी नव्हतं.

दिवसभर उझ्मा नगरमध्ये होती आणि नव्हतीही. आलिया आणि तिची खोलीतली सोबतीण दिव्या, दोघींनी तिला किल्ल्याचा खंदक दाखवला, कापडबाजार हिंडवला. उझ्माने प्रत्येक ठिकाणी विचारलं ते एकच – "इथून झेंडीगेट किती लांब?"

"झेंडीगेटला काय आहे?" आलिया म्हणाली.

"काही नाही. सहज."

रविवारी सकाळी तिघी एकाच स्कूटरवर दाटीवाटीने बसून चांदबिबीच्या महालाकडे निघाल्या. गावाबाहेर डोंगरावर आठ बाजूंची ती उंच दगडी इमारत आहे. नगरला आलेला पाहुणा तिथे गेल्याशिवाय राहत नाही. वर वारा भणाणत होता. पायथ्याची शेतं पावसाने हिरवीगार झाली होती आणि लांबवर धुरकट नगर पसरलं होतं.

"राणी इथे राहायची?" उझ्माने काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं.

"छे गं!" दिव्या म्हणाली. तिला गावाची माहिती सांगायला फार आवडायचं. "चांदबिबीचा याच्याशी काही संबंध नाही. ही कबर आहे, सलाबतखानाची. निजामशाहीतला वजीर होता. पण लोक म्हणतात चांदबिबीचा महाल, म्हणून चांदबिबीचा महाल."

"मग कुणी खरं सांगत नाही?"

"ज्याला माहीत आहे तो गप्प बसतो. बाकीच्यांना वाटतं, आहे तेच खरं. त्या बिचाऱ्या सलाबतखानाला काही उठून सांगता येत नाही."

उझ्मा कमानीत उभी होती. वाऱ्याने ओढणी तोंडावर येत होती. त्याला वाटतंय, मी त्याला चुकवलं. आणि ज्याला खरं माहीत आहे ते माणूस इथे डोंगरावर वारा खात उभं आहे! दुपारी तो हो म्हणेल. सामान न्यायला येईल आणि जाईल. मग कुरुळी फाट्यावर कितीही गाड्या अडकल्या तरी...

"आलिया," ती एकदम वळली. "मला आत्ताच्या आत्ता झेंडीगेटला जायचंय."

पायऱ्या उतरता उतरता तिने सगळं सांगितलं. आलिया मध्येच थांबली. "थांब, थांब. म्हणजे त्याने तुझ्यासाठी बदलली, आणि तू त्याच्यासाठी बदललीस? एकाच सोमवारी?" ती पायरीवर बसली आणि पोट धरून हसायला लागली. "आणि तुला हे गाडीत कळलं, तरी गप्प बसलीस?"

"मध्ये पोतं होतं ना!"

"पोतं?"

"कांद्याचं! हसू नकोस गं, ऊठ! दुपार होईल!"

झेंडीगेटला मोटार रिवायंडिंगचं एकच दुकान असेल असं त्यांना वाटलं होतं. पहिल्या दुकानातल्या चाचांनी चष्म्यावरून पाहिलं. "मोटार कुठली? विहिरीची का पिठाच्या गिरणीची?"

"मोटार नाही, चाचा," उझ्मा धापा टाकत म्हणाली. "माणूस पाहिजे."

"माणसं आम्ही दुरुस्त करत नाही, बेटी," चाचा म्हणाले. पण एहसानचं नाव ऐकल्यावर त्यांनी बोट दाखवलं. "अफताबभाईचा भाचा. मशिदीच्या पलीकडे, निळं शटर."

शटर अर्धं वर होतं. आत तांब्याच्या तारेची रिळं, व्हार्निशचा वास, आणि मागच्या घरातून येणारा भाताचा दरवळ. दाराशी अफताबमामू तेलकट हात साबणाने धूत होते. आणि समोरून, कोपऱ्यावरच्या डेअरीतून दह्याचं भांडं दोन्ही हातांत धरून, एहसान येत होता.

तो रस्त्याच्या मधोमध थांबला. उझ्मा त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. आता मध्ये ना काच होती, ना मोटारसायकली, ना पोतं. आणि वाटेत पाठ केलेलं सगळं ती विसरली होती.

"मी पण बदलली होती," ती म्हणाली.

"काय?"

"शिफ्ट. त्याच सोमवारी." तिने ओढणी सावरली. "श्रद्धाच्या गौरी-गणपतीतल्या ड्युट्या अंगावर घेतल्या तेव्हा मिळाली. मला पण... त्या मुलीला पण... एकाच दिशेने जायचं होतं. तुम्ही समोरच्या गाडीत दिसलात, मला वाटलं तुम्हीच मला चुकवताय. म्हणून खिडकी सोडली."

एहसानच्या हातातलं दही हिंदकळलं. एक थेंब त्याच्या चपलेवर पडला. तो नुसता बघत राहिला – सहा महिने काचेतून बघायचा तसा, फक्त आता पापणी लवत नव्हती.

मामूंनी हात पुसत आलियाला विचारलं, "ही कोण?"

"क्वालिटीवाली आहे, मामू," आलिया गंभीर चेहऱ्याने म्हणाली. "इन्स्पेक्शन चाललंय."

मामूंनी एकदा भाच्याकडे पाहिलं, एकदा उझ्माकडे. बरीच वर्षं जळक्या मोटारी उघडून बघणाऱ्या माणसाला झाकण न उघडताही काही गोष्टी कळतात. "एहसान," ते म्हणाले, "आत सगळे ताटावर बसलेत. तुझं उत्तर ऐकायचंय त्यांना. काय सांगू?"

"सांगा..." एहसान उझ्मावरची नजर न काढता म्हणाला, "सांगा, मामू, सोमवारी मला सेकंड शिफ्ट आहे. मी चाकणला जातोय."

मामूंचा चेहरा क्षणभर उतरला. मग ते मान हलवत म्हणाले, "बरं. माझी तारेची रिळं तुझ्यावाचून अडणार नाहीत. पोरींनो, आत या. भात निवतोय." त्यांनी शटर पुरतं वर ढकललं आणि ते आत गेले.

"सेकंड?" उझ्माचा चेहरा पडला. "मला तर सोमवारी फर्स्ट आहे."

"मग मी आत्ता फोन लावतो सुपरवायझरला," एहसान घाईघाईने म्हणाला आणि दह्याचं भांडं एका हातात घेऊन खिसा चाचपायला लागला. "सांगतो, मला परत फर्स्टला टाका, जन्मभर ते प्रेस मशीन चालवतो –"

"अजिबात नाही!" उझ्मा एवढ्या जोरात ओरडली की पलीकडच्या दुकानातल्या चाचांनीही मान बाहेर काढली. "अजिबात काही बदलायचं नाही तुम्ही! आहात तिथेच राहायचं. या वेळी मी बदलणार. फक्त मी... एकटी मी. कळलं?"

"कळलं," एहसान म्हणाला.

आणि भुरभुर पुन्हा सुरू झाली, दह्यात थेंब पडायला लागले, आतून मामू हाका मारत राहिले, तरी तो भांडं धरून रस्त्याच्या मधोमध तसाच उभा राहिला. जागचा जराही न हलता.